गल्फला नवीन निघालात? घर, मित्र आणि गाव हातातून सुटू नये म्हणून काय काय करायचं

वर्षातून चार-पाच वेळा तरी असं होतं, कोणाचा तरी भाचा नाहीतर मित्राचा मेव्हणा दुबईला यायला निघतो आणि मला फोन येतो, "दादा, काय काय आणू?" मग मी सांगतो, तीन लिटरचा कुकर आण, एक जाड चादर आण कारण रूममधला एसी तुझ्या हातात नसणार, आणि पासपोर्ट साईजचे फोटो भरपूर आण. एवढं ऐकून पोरगा येतो आणि दोन महिन्यांनी त्याच पोराचा परत फोन, आवाज पडलेला, "दादा करमत नाही, घरी फोन केला तरी बोलायला काही सुचत नाही." तर कुकरबद्दल सगळे सांगतात पण ह्याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवून देईन.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, ११ वर्षं झाली इकडे, एमईपी कंपनीत आहे, म्हणजे बिल्डिंगमधलं एसी, पाईप, वायरिंग हे सगळं आमच्याकडे. पहिली दीड वर्षं कंपनीच्या कॅम्पमध्ये, मग दुबईतल्या कुसैसला बेडस्पेसमध्ये, म्हणजे शेअरिंगच्या रूममध्ये एक खाट भाड्याने, आता शारजाला फॅमिलीसोबत. त्यामुळे तिन्ही प्रकार बघून झालेत.

पहिल्या वर्षी मी काय करायचो, ड्युटी संपली, आंघोळ, मेसमध्ये जेवण, कपडे धुणं, सगळं आटपून रात्री दहाला निवांत पडलो की घरी फोन. इथले दहा म्हणजे आपल्याकडे साडेअकरा. बाबा नवाला झोपणारा माणूस. फोन वाजला की ते धडपडून उठायचे, आधी "काय झालं?" मग "बरं आहे", मग आईकडे फोन, आई पण अर्धवट झोपेत "जेवलास काय?" आणि संपलं. मला वाटायचं ह्यांना माझ्याशी बोलायचंच नाही, मी इकडे मरमर करतोय आणि तिकडे कोणाला पडलेली नाही. आठ महिने ही समजूत घेऊन मी फिरत होतो. शेवटी बहिणीने झापला, "अरे तू लोकांना झोपेतून उठवतोस आणि वर गप्पा मारत नाहीत म्हणून रुसतोस." खाली जे काही सांगतोय त्यातलं निम्मं ह्या एका झापण्यातून आलंय. तुम्ही त्यांच्या दिवसात जाऊन बसायचं असतं. त्यांना ओढून आपल्या दिवसात आणायला गेलात तर जांभयाच मिळतात.

निघायच्या आधी, घरीच करायचं काम

हे गावातून निघायच्या निदान आठवडाभर आधी करा, शेवटच्या दिवशी नाही, कारण शेवटच्या दिवशी घरात पन्नास माणसं असतात आणि आई डबे भरत असते.

युएईमध्ये व्हॉट्सअॅपचे मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं चालतं पण व्हॉट्सअॅपवरून कॉल लागत नाही. नवीन माणसाला हा पहिला धक्का असतो, एअरपोर्टवरून बाहेर येऊन पोचलो सांगायला कॉल लावतो आणि नुसतं कनेक्टिंग कनेक्टिंग. इथे परवानगी असलेली अॅप वेगळी आहेत, आपली माणसं जास्त करून बॉटिम वापरतात, आणि गुगल मीट, झूम, टीम्स यांना पण परवानगी आहे. कॉलसाठी वेगळा पॅक घ्यावा लागेल का ते सिम घेतानाच काउंटरवर विचारून घ्या. तर ह्यातलं एक अॅप आईबाबांच्या फोनमध्ये आत्ताच टाका, चालू करा, आणि तुम्ही घराच्या मागच्या पडवीत जाऊन त्यांना दहा वेळा कॉल करा. दहा वेळा म्हणजे खरंच दहा वेळा. हिरवं बटण कुठे, आवाज कमी आला तर काय, कॅमेरा उलटा झाला तर काय. माझ्या बाबांनी पहिले तीन महिने मला फक्त घराचं छप्पर आणि पंखा दाखवलाय.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. बऱ्याच स्वस्तातल्या फोनमध्ये बॅटरी वाचवायची सेटिंग असते, ती मागे चालू असलेली अॅप परस्पर बंद करून टाकते, मग तुम्ही कॉल लावता आणि तिकडे रिंगच वाजत नाही. तुम्हाला वाटतं उचलत नाहीत, त्यांना वाटतं पोराने फोनच केला नाही. दोन्हीकडे तोंडं फुगतात आणि कारण काय तर सेटिंग. त्या अॅपसाठी ती बंद करून टाका.

व्हीपीएनचं, म्हणजे आपला इंटरनेटचा पत्ता लपवून बंद असलेल्या गोष्टी चालवणाऱ्या अॅपचं, पण इथेच सांगतो, रूममध्ये कोणीतरी शहाणा भेटेलच जो म्हणेल हे टाक, सगळं चालतं. इथे २०२१ च्या सायबर कायद्यात गुन्हा करायला किंवा लपवायला असा खोटा पत्ता वापरला तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड लिहिलेला आहे. एवढा पगार तर आपण दहा वर्षात पण बघत नाही. परवानगी असलेलं अॅप वापरा आणि गप बसा.

भारतातलं सिम बंद करू नका. इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, म्हणजे ओटीपी येतील, आणि व्हॅलिडिटीचं रिचार्ज कोण करणार ते ठरवून ठेवा. व्हॉट्सअॅप पण त्याच नंबरवर ठेवा. इकडचा नंबर +९७१ ने सुरू होतो, आणि हल्ली बाहेरचा नंबर दिसला की लोक फ्रॉड समजून उचलत नाहीत, माझ्या सख्ख्या मामाने मला दोनदा ब्लॉक केलाय. इकडचा नंबर मिळाला की तो सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह होतोय ना ते बघायला घरातल्या एका कॉलेजच्या पोराला कामाला लावा.

आणि घरात एक शब्द ठरवा. तुमच्या नावाने फोन आला की "अपघात झालाय, पैसे पाठवा, अर्जंट", तर आईने विचारायचं, "शब्द सांग." आमच्याकडे आमच्या मेलेल्या बैलाचं नाव आहे, ते इथे सांगत नाही.

फोन किती वाजता

युएई आणि ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी, कतार, कुवेत, बहरीन अडीच तास मागे. बोटावर मोजण्यासारखा फरक आहे, अमेरिकेवाल्यांसारखं दिवसरात्र उलटं नाही, त्यामुळे आपण गाफील राहतो.

एका कागदावर घरच्या प्रत्येक माणसाचा दिवस लिहा. हसू नका, मी लिहिला होता. आई सकाळी पाचला उठते, नऊपर्यंत तिला हात मोकळा नाही, दुपारी जेवणं, भांडी झाली की दोन ते चार ती माजघरात आडवी पडते पण झोपत नाही. बाबा संध्याकाळी सातच्या बातम्या, मग साडेआठला जेवण, नवाला आडवे. बहीण सकाळी लोकलमध्ये. मग त्या कागदावर स्वतःचा दिवस ठेवा आणि कुठे जुळतं बघा.

साईटवर काम करणाऱ्यांसाठी तर एक हुकमी वेळ आहे. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर उन्हात काम करायला दुपारी साडेबारा ते तीन बंदी असते, सगळे सावलीत पडलेले असतात. म्हणजे आपल्याकडचे दोन ते साडेचार. आईची नेमकी ती वेळ. मी तीन उन्हाळे रोज दुपारी पोर्टा केबिनच्या मागे बसून आईशी बोललोय, तिकडे तिच्याकडे पाऊस कोसळत असायचा, कौलांवरचा आवाज फोनमध्ये ऐकू यायचा, आणि इकडे माझ्या सेफ्टी शूजमधून वाफा येत होत्या. ती पावसाला कंटाळलेली असायची आणि मी म्हणायचो थोडा वेळ फोन खिडकीजवळ धर.

सुट्टीचं बघा. पूर्वी इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, शुक्रवारी आपण मोकळे आणि घरी सगळे कामावर, शाळेत, बोलायला कोणी नाही, आणि रविवारी घर भरलेलं तेव्हा आपण ड्युटीवर. जानेवारी २०२२ पासून युएई सरकारने शनिवार-रविवार केलं, मग बऱ्याच ऑफिसांनी पण केलं. तुम्हाला रविवार मिळाला असेल तर नशीबवान आहात, तो वाया घालवू नका. रमजानमध्ये ड्युटी दिवसाला दोन तास कमी होते, तो एक महिना लांबच्या नातेवाइकांसाठी ठेवा, आत्या, मावशी, जुने मास्तर.

किती वेळ बोलायचं? रोज पाच-सात मिनिटं पुरे. आठवड्यातून एकदा दोन तास बोलणारा माणूस पहिल्या पंधरा मिनिटांनंतर "अजून काय, अजून काय" करत बसतो. रोज बोललं की "कालच्या त्या मांजरीचं काय झालं" एवढ्यावर पण फोन चालतो. आणि ठरलेली वेळ चुकणार असेल तर आधी मेसेज टाका, कारण फोन आला नाही की आई फोन मांडीवर घेऊन बसते, हे मला वहिनीने सांगितलं, आई कधीच सांगणार नाही.

व्हॉइस नोट

माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी व्हॉट्सअॅपमधली ही सगळ्यात भारी गोष्ट आहे आणि इथे त्यावर काही बंदी नाही. वेळ जुळवायची कटकट नाही, ज्यांना टाईप करता येत नाही त्यांना पण जमतं, आणि परत परत ऐकता येतं. आईच्या व्हॉइस नोट साडेतीन-चार मिनिटांच्या, मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच "हाड हाड" करून कावळा हाकलणं, मग "हां, काय सांगत होते". बाबांची चार सेकंदांची, "हं. पाऊस आहे. ठीक." मी दोन्ही ठेवल्यात, डिलीट करत नाही, वेगळ्या फोल्डरला कॉपी केल्यात.

पाठवताना मात्र रिपोर्ट देऊ नका. "मी बरा आहे, काम ठीक चाललंय, तुम्ही काळजी घ्या" ही व्हॉइस नोट नाही, तार आहे. आज रूममधल्या मल्याळी पोराने माशात कोकमासारखंच काहीतरी टाकलं, त्याला ते कुडमपुळी म्हणतात, चव आपल्यासारखीच आली, असं काहीतरी सांगा. आई त्याच्यावर तीन दिवस बोलेल.

घरातलं एक काम आपल्या नावावर ठेवा

हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून थोडं लांबवतो. आपण लांब गेलो की घरच्यांना वाटतं ह्याला कशाला त्रास, आणि हळूहळू घरातले निर्णय आपल्याशिवाय व्हायला लागतात, गाय विकली ते महिन्याने कळतं, चुलतभावाचं लग्न ठरलं ते ग्रुपवरच्या पत्रिकेवरून कळतं. त्यांचा काही दोष नाही, आपण तिथे नसतोच. म्हणून जाण्याआधीच घरातलं एखादं काम मागून घ्या, जे फोनवरून होईल आणि जे तुम्ही केलं नाही तर अडेल.

माझ्याकडे लाईटचं बिल आहे. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक मला माझ्या मुलीच्या बर्थडेपेक्षा पक्का पाठ आहे. दर महिन्याला बाबा मीटरचा फोटो पाठवतात, तिरका, अर्धा बोट कॅमेऱ्यावर, आणि मग आमची चर्चा होते की युनिट का वाढले, पंप कोणी चालू ठेवला, शेजारच्यांनी आकडा तर टाकला नाही ना. दोनशे-चारशे रुपयांच्या फरकावरून वीस मिनिटं. बाबांशी "कसे आहात" वर कधी वीस सेकंद पण गेलो नाही.

दुसरं काम गणपतीचं. मूर्ती गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे जिथे मूर्ती घडवतात तिथे, सांगायची ती मी इथून सांगतो, जून संपायच्या आत, पाट कोण नेऊन देणार, भटजींची वेळ, भजनाची बारी आमच्याकडे कधी, हे सगळं माझ्याकडे. अकरापैकी चारच गणपतींना मी प्रत्यक्ष घरी होतो. पण उरलेल्या सात वर्षी पण भजनवाल्यांनी चहाची वेळ मलाच फोन करून विचारली. मुंबईचे चाकरमानी तरी गाडी पकडून येतात, आम्ही दुबईचे चाकरमानी फोनवरूनच मखर हलवायला लावतो, थोडं डावीकडे, अजून थोडं.

तुमच्याकडे दुसरं काही असेल. वडिलांच्या औषधांचा स्टॉक मोजणं, पुतण्याचं गणित, घरपट्टी, आंब्याच्या पेट्यांचा हिशोब. काही चालेल, फक्त ते खरं काम पाहिजे, मन रमवायला दिलेलं नको.

खरं बोलायचा करार

माझे बाबा विहिरीजवळ पाय घसरून पडले, मनगट मोडलं, प्लास्टर झालं. मला नवव्या दिवशी कळलं, तेही व्हिडिओ कॉलमध्ये ते चहाचा कप डाव्या हाताने उचलताना दिसले म्हणून. आठ दिवस सगळं घर मिळून नाटक करत होतं. "तुला उगाच टेन्शन नको." मी खूप चिडलो, आणि चिडून झाल्यावर आठवलं की त्याच वर्षी माझा पगार दोन महिने अडकला होता आणि मी घरी सांगत होतो कंपनी एकदम मस्त आहे, बोनस देणार आहेत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

म्हणून दोन गोष्टी. एक, निघण्याआधी समोरासमोर बसून ठरवा की दवाखाना, पडणं, भांडण, कर्ज, हे त्याच दिवशी सांगायचं, दोन्ही बाजूंनी. दोन, तरी ते पाळणार नाहीत हे गृहीत धरून गावात एक खबऱ्या ठेवा. चुलतभाऊ, शेजारचा, मेडिकलवाला, कोणीही, जो तुमच्या आईला घाबरत नाही. माझा खबऱ्या वाडीतलाच दूधवाला आहे, रोज सकाळी दारात जातो. त्याच्याकडून आठवड्याला एक "सब ठीक" येतो, हिंदीत का पाठवतो देव जाणे. आणि खबऱ्याने सांगितलेलं घरी लगेच बोलून दाखवू नका, नाहीतर खबऱ्या जातो.

पैसे आणि नाती

ह्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे थोडक्यात. महिन्याची तारीख ठरवा आणि त्या तारखेला पाठवा, रेट वाढायची वाट बघत बसू नका, चार पैशांसाठी घरच्यांना पंधरा दिवस लटकवण्यात काय अर्थ नाही. एक गंमत, दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर चढून रुपया पडला की आपल्या हातात जास्त रुपये येतात, आणि अख्खं गाव टीव्हीवर रुपया घसरला बघून तुमच्या आईला म्हणतं, मजा आहे बाबा तुमची.

उसने मागणारे येणारच. "बघतो" म्हणू नका, आपल्याकडे बघतोचा अर्थ हो होतो. देणार असाल तर परत येणार नाहीत असं समजून जेवढे सोडता येतील तेवढेच द्या, नाहीतर सरळ नाही म्हणा. मी एका जवळच्या मित्राला मोठी रक्कम दिली, पैसे तर गेलेच, वर तो माझा फोन उचलेनासा झाला. मला आजही पैशापेक्षा तो फोन न उचलणं लागतं.

बँकेचं एवढंच, बाहेर नोकरीला आलात की साधं सेव्हिंग खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे बाहेर राहणाऱ्यांचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं, आणि इकडची कमाई पाठवायला एनआरई खातं उघडा. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दहा देशांतल्या मोबाईल नंबरांना ह्या खात्यांवर यूपीआय वापरायची परवानगी दिली, त्यात युएई, सौदी, कतार आणि ओमान आहेत. त्याचा नात्याशी काय संबंध? आहे की. भाचीचा वाढदिवस असला की मी गावातल्या बेकरीवाल्याला इथून पैसे टाकतो आणि केक संध्याकाळी दारात. भाऊबीजेची ओवाळणी त्याच दिवशी पोचते, पुढच्या सुट्टीपर्यंत उधार राहत नाही.

बायको-मुलं गावी असतील तर

फॅमिली व्हिसाला पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० अधिक कंपनीचं घर, असा नियम आहे. पण नियमात बसलं म्हणजे घरभाडं, शाळा परवडलीच असं नाही. माझी बायको आणि मुलगी पहिली चार वर्षं गावीच होत्या.

लहान मूल व्हिडिओ कॉलवर बोलत नाही. बाबा कुठेयत, बाबाला पापी दे, असं करून मागून त्याला ढकलू नका, त्याला तो फोन नकोसा होतो. मी काय केलं, तिच्या चित्रांच्या गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, एक गावी, एक माझ्या बॅगेत. रात्री तिच्या झोपायच्या वेळी साडेआठला, म्हणजे इथे सात, तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये दुबई-शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असायचो, तिथूनच पान उघडून वाचायचो. ती तिकडे तिच्या पुस्तकात बोट ठेवून. चुकलं की ओरडायची. बसमधले दोन पठाण आणि एक नेपाळी, त्यांना पण त्या उंदराची गोष्ट पाठ झाली होती, एकदा मी पान सोडलं तर मागून आवाज आला, "भाई, टोपी वाला बाकी है."

बायकोशी बोलायची वेळ वेगळी ठेवा, स्पीकरवर नाही, सासूसमोर नाही. ह्यापेक्षा जास्त सांगायला नको, समजून घ्या.

मित्र

इथे आपण सगळ्यात जास्त हरतो. ग्रुप असतो ४० जणांचा, त्यावर गुड मॉर्निंग आणि राजकारण, आणि आपल्याला वाटतं आपण टचमध्ये आहोत. खरे चार-पाच निवडा आणि त्यांना एकेकट्याला फोन करा, मेट्रोत, चालताना, कपडे इस्त्री करताना. मित्राच्या बाबतीत कारण लागतं, नुसता फोन केला तर तो पण विचारतो "काय रे, काही काम होतं?" मॅच हे उत्तम कारण. आम्ही तिघे भारताची मॅच असली की कॉल चालू ठेवून आपापल्या घरी बघतो, माझ्याकडे स्ट्रीमिंग तीस-चाळीस सेकंद मागे, त्यामुळे विकेट पडायच्या आधीच मला शिव्या ऐकू येतात.

आणि तक्रार ऐकून घ्यायला शिका. मित्र म्हणेल बॉस त्रास देतो, हप्ते आहेत, तेव्हा "तू तरी घरी आहेस" हे वाक्य तोंडातून काढू नका. मी दोन वर्षं काढत होतो. एकाने शेवटी सांगितलं, तुझ्यापुढे आम्हाला दुःखच नाही काय रे.

इथली माणसं पण लागतात, सगळा भार घरच्या फोनवर टाकला तर तो फोन जड होतो. दुबईत, अबुधाबीत महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपती-दिवाळीला जा. मीना बाजार, करामा ह्या भागात फिरलात तर पंचांगापासून अगरबत्तीपर्यंत सगळं मिळतं. पण रूममेटशी दोस्ती आधी करा. ताप आला तर पेज तोच देणार आहे.

वाईट बातमी

नको वाटतं लिहायला, पण तयारी असू दे. पासपोर्ट स्वतःकडे ठेवा, कंपनीने तो ठेवून घेणं इथे बेकायदेशीर आहे. सौदीत असाल तर देशाबाहेर जाऊन परत यायला एक्झिट रीएंट्री व्हिसा लागतो, तो कसा निघतो ते आधीच माहिती करून घ्या. एका तिकिटाचे पैसे कायम बाजूला. युएईच्या कामगार कायद्यात नवरा किंवा बायको गेली तर पाच दिवस आणि आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं ह्यांच्यासाठी तीन दिवस पगारी रजा आहे. काका, मामा त्यात नाहीत.

माझे काका गेले तेव्हा हे कळलं. मुंबईचं विमान तीन तासांचं, पण मुंबईवरून आमच्या गावाला सात-आठ तास, हायवेच्या कृपेने कधी दहा. पोचणं शक्यच नव्हतं. चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावला, मी साईटवरच्या स्टोअरमध्ये दार लावून बघत होतो, अर्धा वेळ फ्रेममध्ये कोणाची तरी पाठ, मध्येच चिखल, मध्येच आवाज बंद. मला विचाराल तर मी ते बघायला नको होतं. बाराव्याला फोन केला, काकीशी बोललो, तेव्हा कुठे रडू आलं. आता मी दर महिन्याच्या त्या तारखेला काकीला फोन करतो, ती गेलेल्या माणसाबद्दल काही बोलत नाही, कोंबड्यांबद्दल बोलते.

आईवडिलांशी एकदा विचारून ठेवा, मी पोचेपर्यंत थांबायचं की नाही. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, थांबू नका, पावसात लाकडं भिजतात.

सुट्टीवर जाताना

वर्ष भरलं की ३० दिवसांची रजा मिळते. तारीख इथल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत, जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल तर तिकीट महिनोन्महिने आधी काढा, त्या दिवसांत भाव वाटेल तिथे जातो.

पहिले तीन दिवस कुठेही जायचं कबूल करू नका, कोणालाच नाही. घरात बसा, आई जे देईल ते खा, दुपारी झोपा. मग यादी करा, आणि यादीत सगळ्यात वर ते लोक ज्यांच्याकडे वर्षभरात मयत झालंय किंवा कोणी आजारी आहे, लग्न-बारसंवाले नंतर, ते फोटो दाखवायला थांबतील. टँग, निडो, अॅक्स ऑईल, खजूर, बदाम हे आणायचंच असतं, आता ते सगळं आपल्याकडे मॉलमध्ये मिळतं तरी पण आणायचं, कारण आत्याला दुकानातलं अॅक्स ऑईल नको असतं, दुबईचं हवं असतं. मी तर एकदा बॅगेत जागा नव्हती म्हणून मुंबईतून घेतलं आणि पिशवी इकडची लावली. तिने वास घेतला आणि म्हणाली, ह्याला तो वास नाही.

निघताना मात्र परत एकदा सगळ्यांच्या फोनमधलं अॅप अपडेट करा, बॅटरीची ती सेटिंग तपासा, अपडेटनंतर ती आपोआप परत चालू होते कधीकधी. आणि एअरपोर्टला निघताना दारातच आईला उद्याच्या फोनची वेळ सांगून ठेवा. मी सांगतो, "उद्या अडीच वाजता." ती म्हणते, "तुझे की माझे?" मी म्हणतो, "तुझे."